सात सुपाऱ्या

कापडे, रविवार

प्रिय श्रुती,

गुरुवारी तुझा फोन मध्येच तुटला तो रेंज गेली म्हणून नाही, मी कट केला म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मला मोकळं वाटेल. तू विचारलंस, ऑपरेशन पुढं ढकलते, झोनल आणि विद्यापीठाच्या मॅचेस खेळून घेते, फेब्रुवारीनंतर बघू, तुला काय वाटतं? मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि पुढच्याच सीटवर मुरारीभाऊ कान टवकारून बसले होते. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठं देतेस. मी ‘अगं पण’ म्हणेपर्यंत तुझी चढाई मारून, गुण घेऊन परत जाऊन झालेलं असतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. इथं तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

माझं बरं चाललं आहे. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोकी पुठ्ठ्याच्या पेटीत भरायची, पेटीला टेप मारायची. बाकी सगळ्या बायका उभ्यानं काम करतात, मला सुपरवायझरनी एक उंच स्टूल मिळवून दिलं आहे. पहिले काही दिवस त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी कोणा साहेबाची भाचीच. मग एकीनं मला जिना उतरताना पाहिलं, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, आणि तेव्हापासून डब्यातला माशाचा तुकडा आधी माझ्याकडे येतो. आईनं मध्ये बिरवाडीकडचं एक स्थळ आणलं होतं. पाहुणे सतरंजीवर बसले आणि मी खुर्चीवर. मुलाची आत्या म्हणाली, खाली बस ना गो बाय, लाजतेस कशाला. आईनं सांगितलं की हिला जरा मांडी घालायला त्रास होतो. त्यानंतर पोहे फार चांगले झाल्याचं सगळ्यांनी सांगितलं आणि त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. मला फारसं वाईट वाटलं नाही, मुलगा घोरणाऱ्यातला दिसत होता. आईला मात्र वाटलं.

टीमचं विचारशील तर सरांची निवड चाचणी दिवाळीनंतर आहे, पण पोलादपूर स्टँडमागच्या टपरीवर टीम रोज निवडली जाते. पहिली पाळी सुटून आमची बस आम्हाला तिथं सोडते आणि कापड्याची एसटी यायला वेळ असतो. तेवढ्यात सभा भरते. मुरारीभाऊ असतातच. वीर स्टेशनला भाडी सोडून जितेश आपली रिक्षा घेऊन येतो, त्याच्या मोबाईलमध्ये आपल्या झाडून सगळ्या मॅचेस आहेत. आणि डेअरीला दूध घालून वर वाडीवर परत जायच्या आधी नाथूकाका टेकतात. काकांची पद्धत तुला माहीत आहे. चंची उघडायची, सात सुपाऱ्या काढायच्या, काठीनं मातीत मैदान आखायचं आणि एकेक सुपारी जागेवर ठेवायची. घरची बाई पूजेला हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात, तशी ही आपल्या कॉलेजची मुलींची टीम. मग सुपाऱ्यांवरून जे भांडण होतं त्यात दोनदा एसटी चुकली आहे.

यंदाचं भांडण अमितावरून आहे. नाथूकाकांच्या वाडीची, यंदाच कॉलेजला आलेली. काकांना ती थेट पहिल्या सातात हवी. म्हणतात, “दिवसभर शेरडांमागं डोंगर चढणारी पोर हाय, तिचा दम जायाचा नाय.” जितेश म्हणतो, “काका, मॅटवर शेरडं नाय पळवायची. बोनसची रेघ कुठं हाय ते तरी तिला ठाव हाय काय?” आणि मुरारीभाऊ एक सुपारी उचलून डाव्या बाजूला चढाईच्या जागेवर ठेवतात आणि म्हणतात, “श्रुतिका हाय तवर बाकीच्यांनी दुसऱ्या चढाईचं बोलावं.” अमिताला मी पाहिलं. हात लांब आहेत, नजर चांगली आहे, पण पकडीत शिरताना डोळे मिटते. शिकेल. कॉलेजच्या मागच्या पटांगणावर परवा तिनं माझ्याकडून घोटा पकडायचा कसा ते विचारून घेतलं. मी स्टुलावरून, म्हणजे तिथल्या दगडावरून, तोंडानंच शिकवलं.

उजवा कोपरा, दोन्ही कव्हर, मध्य, सगळ्यांवर तोंडाला फेस येईस्तोवर वाद होतात. डाव्या कोपऱ्याची, माझ्या जागेची, सुपारी ठेवायची वेळ आली की मात्र वाद तिथंच अडतो. कोणीतरी माझ्याकडे बघतं आणि लगेच चहाच्या ग्लासाकडे बघतं. त्या जागी कोण, हे मग मलाच सांगावं लागतं. मीही नावं सुचवते, भांडते, जितेशला गप्प करते. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा येते. दिवसभर गोळ्या मोजल्यावर ती अर्धी घटकाच काय ती माझी असते.

तुझ्याबद्दल काय काय चालतं ते ऐकशील तर हसशील. जितेशनं तुला वीरला गाडीत बसताना पाहिलं होतं, हातात मोठी बॅग होती, तेवढ्यावर त्यानं ठरवून टाकलं की तुला मुंबईच्या कुठल्यातरी कॉलेजनं उचललं. हॉस्टेल फुकट, फी माफ, वर बूट. पुढच्या आठवड्यात त्याच्या तोंडी कॉलेजच्या जागी बँकेची टीम आली. मुरारीभाऊ त्याच्या अंगावर धावून जातात. तुळसाकाकी सगळ्यांना सांगतात की लेक वहिनीच्या बाळंतपणाला मदत करायला मुंबईला भावाकडे, अनिलदादाकडे, गेली आहे, पायाचं म्हणशील तर जरासा मुरगळलाय. त्या खोटं बोलत नाहीत, तू त्यांना जेवढं सांगितलंस तेवढंच सांगतात. तुझं लिगामेंट पार तुटलं आहे, असंच खेळलीस तर आतली गादीही जाईल असं डॉक्टर म्हणाले आहेत, आणि हातातली तारीख सोडलीस तर पुन्हा नंबर कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही, हे इथं एकट्या मला माहीत होतं. तू मला शपथ घातली होतीस. मुंबईच्या बुटांचं ऐकून मी हसायचे आणि चहा प्यायचे.

मेच्या त्या गावच्या स्पर्धेत तू चढाईहून परत येताना पडलीस तेव्हा मी मैदानाच्या कडेलाच होते. उठून हात झटकलेस, हसलीस, पुढची चढाईही केलीस. सगळ्यांना वाटलं काही नाही. मला आवाज ऐकू आला होता. त्या आवाजाची ओळख असलेलं माणूस तिथं दुसरं कोणी नव्हतं. घरी जाताना तू म्हणालीस, बर्फ लावला की बरं होईल, आणि मी म्हटलं, हो. तेव्हाच मला तुला ओढत महाडला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं असं आता वाटतं, पण तू ओढली जाणाऱ्यातली नाहीस हेही खरं.

आता जे झालं ते नीट क्रमानं सांगते. टपरीवरचा वाद काही मिटेना. तू येणार की नाही याच्यावर सगळी टीम अडलेली. तू आलीस तर अमिता उजवीकडे, नाही आलीस तर डावीकडे, आणि मग उजवीकडे कोण. जितेश म्हणाला तिला सोडा, नवीन पोरी बघा. मुरारीभाऊ तुला फोन लावून लावून दमले होते, तू उचलत नव्हतीस, मेसेज बघून तसेच ठेवत होतीस. शेवटी तेच म्हणाले, देवीला विचारू. आधी सगळे हसले. मग कोणी हसेना. त्या रविवारी गावदेवीच्या देवळात गुरवाला बोलावलं. गुरवाला सुद्धा जरा अवघडच वाटलं. पाऊस, दुखणं, सोयरीक, हरवलेली गाय यांचे कौल त्यानं लावले आहेत, कबड्डीचा कधी लावला नव्हता. मुरारीभाऊ म्हणाले, “आमच्यासाठी हे सोयरिकीहून कमी नाय.” तुळसाकाकीही आल्या होत्या, नारळ घेऊन, नवं लुगडं नेसून. त्यांच्याबरोबर आलेले सहदेवकाका दाराशी बसले होते.

गुरवानं देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की आई, लेक मुंबैला हाय, ती येऊन यंदा मैदानात उतरंल का नाय, काय असंल ते उघड करून दे. सगळे खाली मांडी घालून बसले होते, मी खांबाला टेकून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीकडे डावा, नकाराचा, कौल मागितला. हात जोडून, मनापासून, डावी पाकळी पाड म्हटलं. पंखा बंद होता, वारा नव्हता, कोणी खोकत सुद्धा नव्हतं. उजवी पाकळी पडली. मुरारीभाऊंनी जितेशच्या पाठीत असा रट्टा घातला की तो पुढच्या माणसावर जाऊन पडला. तुळसाकाकींनी पदरानं डोळे पुसले. देवीला विचारून झालं होतं, तुझ्या आईबापांना विचारून झालं होतं, सरांनाही विचारणार होते. तुला विचारावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तू येऊ शकतेस का हे विचारायचं तर त्यांना कारणच नव्हतं.

हे लोक वाईट नाहीत, श्रुती, हे तूही जाणतेस. मी अंथरुणावर होते तेव्हा मुरारीभाऊ कंपनीतून सुटून रोज घरी यायचे, काहीबाही घेऊन, आणि पाच मिनिटं न बोलता बसून जायचे. जितेशनं मला किती वेळा हॉस्पिटलला नेलं आणि आणलं, एकदा सुद्धा पैशाचं नाव काढलं नाही. नाथूकाका तर वरून हाडाचं तेल घेऊन उतरायचे, त्याला असा वास यायचा की मांजर घराबाहेर जायचं. आपण जिंकलो की यांच्या घरात कोणी पास झाल्यासारखं वाटतं त्यांना. यांच्यातल्या निम्म्यांच्या पोरी दहावीनंतर घरी बसल्या आणि मुंबईला दिल्या गेल्या. आपण सातजणी मैदानात उतरलो की या माणसांचा आवाज बदलतो. त्या आवाजासाठी आपण दोघी भात कापलेल्या शेतात, बुडख्यांवर पाय सोलून घेत शिकलो होतो. मला त्याची अजून भूक आहे. तुलाही आहे, म्हणून तर तू ढकलाढकली करते आहेस.

तुझा तो दुसरा मुद्दाही मी विसरले नाही. विद्यापीठापर्यंत टीम गेली की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूंची जागा. शेवटचं वर्ष आहे, पुन्हा संधी नाही. मी यावर दोन दिवस विचार केला. पण भरतीच्या मैदानात सर्टिफिकेट धावत नाही गो, पाय धावतात. पुढच्या शिक्षणाला नाव घातलंस तर कॉलेजकडून अजून खेळता येतं, मी सरांना तुझं नाव न घेता विचारून घेतलं आहे. ते म्हणाले, वयात बसत असेल तर बसतं. एवढं पक्कं आहे, बाकीचं मला माहीत नाही.

कौलाच्या दुसऱ्याच दिवशी तुळसाकाकी आमच्या घरी आल्या. महाडच्या बाजारातून गुडघ्याला घालायची पट्टी आणली होती, चांगल्यातली, निळी. म्हणाल्या, “ती खेळायला येणार तर पायाला आधार नको? तुझ्याच अंगाची हाय ती, जरा घालून बघ बसते काय.” मी खुर्चीवर बसले होते. मी काही म्हणायच्या आत त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या हातानं पट्टी माझ्या पायात चढवायला लागल्या. गुडघ्यापाशी त्यांचा हात थांबला. तिथं जो खड्डा आहे तो त्यांना लागला असावा. वर बघून म्हणाल्या, “तुझा बरा झाला ना गो आता?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तर मग तिचापण होईल, तिचा तर नुसता मुरगळलाय. पट्टी मापाची निघाली. त्या चहा पिऊन गेल्या आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले, पट्टी पायात ठेवून.

मग मुरारीभाऊ हा कागद घेऊन आले. ज्याच्यावर मी लिहिते आहे तो. त्यांना मुंबईला जायचं आहे, तिथल्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाची सभा आहे, तेव्हा तुझ्या हातात द्यायला पत्र हवं. “फोन बघून टाकून देते माणूस, पत्र टाकवत नाय. तू लिही. तुझा शब्द ती मोडायची नाय.” ये म्हणून लिही, देवीचा कौल आहे म्हणून लिही, तुझ्या नंबरची जर्सी छापायला टाकली आहे म्हणून लिही. मी कागद घेतला. वर तुझं नाव घातलं आणि पुढं हात चालेना. त्यांना वाटलं मी शब्द जुळवते आहे.

आज सुट्टी असूनही सगळे टपरीवर जमले होते, मंडळाला सांगायला टीम पक्की करायची म्हणून. तुळसाकाकीही बाजार आटोपून तिथंच येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुपाऱ्या मांडल्या गेल्या. डाव्या चढाईला तुझी सुपारी ठेवून मुरारीभाऊ माझ्याकडे वळले, झालं का पत्र लिहून? आणि मी सांगून टाकलं. लिगामेंट, गादी, ऑपरेशनची तारीख, सगळं. ती येणार नाही असं म्हटलं. तुझी शपथ मोडली. माझा आवाज इतका वाढला होता की कंडक्टर स्टँडवरून बघायला आला. मला हे काकींना आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं हे तोंडातून शब्द निघून गेल्यावर सुचलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि एवढंच म्हणाल्या की माझ्या पोरीचं दुखणं मला स्टँडवर कळायचं होतं काय. मग एसटीची वाट न बघता चालत निघाल्या. माझ्याशी त्या बोलतील असं इतक्यात वाटत नाही. तू त्यांना फोन कर; पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून अनिलदादाकडे फोनवरही तसा निरोप ठेवला आहे.

बाकीच्यांचं सांगते. जितेश चिडला, म्हणाला, मग देवीचा कौल खोटा काय? नाथूकाका म्हणाले, “उतरंल म्हणून सांगितलंय देवीनं, उतरंल. आपणच यंदाची घाई घातली.” मुरारीभाऊंचा चेहरा बघवत नव्हता, मला वाटलं ते रागावतील, पण ते नुसते मातीतल्या मैदानाकडे बघत राहिले. मग कोणीतरी म्हणालं, तर मग डावीकडे अमिता. कोणीतरी म्हणालं, उजवीकडे वरच्या गल्लीतली ती दुसरी. पाच मिनिटांत वाद रंगला. आणि नाथूकाकांनी तुझी सुपारी उचलली, झाडली, अडकित्त्यानं कातरली आणि सगळ्यांना एकेक खांड दिलं. वाईट मनानं नाही, सुपारी मोकळी झाली होती म्हणून. मलाही एक दिलं. तेव्हा मला आठवलं की माझी पण सुपारी अशीच कोणीतरी कातरली असणार, मी हॉस्पिटलात असताना. मी ते खांड चघळलं. चव सुपारीचीच होती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. मुरारीभाऊंना पत्र हवं होतं म्हणून मी लिहिलेलं नाही, तुझी शपथ मोडली ते कळवायलाही नाही. माझा गुडघा गेला त्या फायनलचं आपण कधी बोललो नाही. फोटोबद्दल बोललो, कपाबद्दल बोललो, माझ्या ऑपरेशनबद्दल बोललो, त्या एका मिनिटाबद्दल नाही. मी मॅटवर पडले होते, सरांनी बदलीसाठी हात वर केला होता, बाहेरची पोरगी उभी राहून तयार होती. लोक माझं नाव घेत होते ते मला ऐकू येत होतं, पण लोकांसाठी मी उठले नसते, इतकं दुखत होतं. मग तू आलीस. वाकलीस, माझा हात धरलास आणि माझ्या कानाशी म्हणालीस, “ऊठ गो, एकच चढाई हाय.” म्हणून मी उठले. मला राग नाही, श्रुती. तू पडली असतीस आणि मी कॅप्टन असते तर मी पण हेच म्हटलं असतं, आपल्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पण गुरुवारी तू ‘तुला काय वाटतं’ म्हणून विचारलंस तेव्हा मला कळलं की आता पडलेली तू आहेस आणि वाकलेली मी. हो म्हटलं असतं तर तू आली असतीस, आणि मला तू डाव्या चढाईला इतकी हवी आहेस की हो माझ्या तोंडावर आलं होतं, म्हणून मी फोन कट केला. त्या दिवशी मला एका माणसानं जे म्हणायला हवं होतं ते मी तुला म्हणते. उठू नको, श्रुती. पडून राहा. इथलं मी बघते.

तू रागावलीस तरी तुझीच,
पूनम